दोन धक्क्यांच्या मधे

४ मार्च

पोचलो एकदाचे शाक-कोंगला! टेम्पोत मागे गॅस, गादी, भांडी आणि त्या सगळ्यावर मी, मांडीवर आ-फान. पोरगी अकरा महिन्यांची, पण रस्ताभर अशी खिदळत होती की टेम्पोवाला म्हणाला, हिला पुढे बसवा, मला झोप तरी येणार नाही.

डोंगराला चिकटून अकरा घरं, मागे पर्सिमनच्या फळबागा. नवरा, फू-शेंग, इथं पोकलेन चालवणार. विद्यापीठाच्या जान मॅडम आल्यात, त्या जमिनीत लांब चर खणून जुने भूकंप बघणार. त्यांचा आणि दोन मजुरांचा स्वयंपाक माझ्याकडे. फू-शेंग म्हणतो, पोकलेन माझं ऐकतं, तू कधी ऐकशील? मी म्हटलं, मग स्वयंपाकही त्यालाच सांग.

ही वहीपण त्यानंच घेऊन दिली. म्हणाला लिहीत जा, नाहीतर सगळं मला सांगत बसशील.

शेजारच्या म्हातारीला सगळे आ-पो म्हणतात. आल्या आल्या तिनं पोरीचं डोकं हुंगलं आणि मला म्हणाली, शहरची सून दिसतेस, चार दिवसांत रडशील. मग स्वतःच सुकवलेले पर्सिमन आणून दिले. मला आवडलं इथं.

९ मार्च

चर आता दोन माणसं उभी राहतील एवढा खोल झालाय. उतरायला शिडी लागते. भिंती ब्रशनं साफ केल्या की माती पट्ट्यापट्ट्यांची दिसते. काळी, पिवळी, मधे गोटे, परत काळी.

आज मी तांदळाची नऊ थरांची वडी उकडली. एक थर शिजला की वर दुसरा ओतायचा, तशी. मॅडमनं तुकडा आडवा धरला आणि विचारलं, खालचा थर आधी ओतलास ना? जमिनीचं तसंच. खालचं जुनं, वरचं नवं. मग सुरीनं वडी कापून अर्धी बाजू खाली सरकवली आणि वर एक अख्खा थर ठेवला. म्हणाल्या, खालचे मोडलेत, वरचा नाही. म्हणजे भूकंप कधी झाला? मी म्हटलं, खालचे झाल्यावर, वरचा व्हायच्या आधी. मॅडम म्हणाल्या, हे शिकायला मला कॉलेजात जावं लागलं आणि वर अशी वडी येत नाही ती वेगळीच.

सातवीत शाळा सुटली माझी. दिवसभर छान वाटत होतं.

१२ मार्च

सकाळी जमीन हलली. आमच्या तैवानात त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण मॅडमनं मोजायला शिकवलं. पहिला धक्का वरखाली येतो, बारीक. तो जास्त वेगानं पळतो. मागून दुसरा, आडवा हेलकावा. मधे सेकंदाला एक असे जेवढे अंक मोजशील त्याला आठनं गुण, तेवढे किलोमीटर लांब. अंक कमी तर भूकंप जवळ, आणि जोरही जास्त. मी एकोणीस मोजले. मॅडमच्या मशीनवरपण एकोणीस! म्हणाल्या, वहीत अंक लिहीत जा, मला ताळा होईल.

एक मात्र बघितलं. पहिला धक्का आला तशी मी पोरीला छातीशी घेऊन बाहेर पळाले. गावातल्या बायका उलटं करत होत्या. कडेवरची लेकरं खाली ठेवून लांब पळाल्या, एकेक वेगळी, आणि स्वतःच्या हातांवर बसून राहिल्या. लेकरं रडत होती. हेलकावा थांबल्यावर आल्या आणि उचलली.

आ-पो मला खूप बोलली. पहिल्या धक्क्याला लेकरू खाली ठेवायचं आणि पळायचं, कळलं? मी म्हटलं, अशी कसली आई? ती म्हणाली, जिवंत लेकराची.

खुळं गाव.

१८ मार्च

चौदा अंक.

दुपारची जेवणं चालली होती. वरखाली झालं आणि फू-शेंगनं शेजारच्या मजुराचा कान चावला. चावला म्हणजे तोडला. तो मजूर ओरडला नाही, त्यानं वाटी फोडून फू-शेंगच्या गालात घातली. दोघं काही बोलत नव्हते. तोंडं अगदी शांत. मग हेलकावा आला आणि दोघं एकमेकांकडे बघत बसले. फू-शेंगनं कान थुंकून टाकला आणि मला विचारलं, हे काय वाढलंस?

मजूर दोघंही गेले, पगारालाही थांबले नाहीत. मॅडम म्हणतात, घाबरून माणसं कशीही वागतात.

आ-फानला मी घट्ट धरलं होतं. आंघोळ घालताना बघितलं, तिच्या दंडावर माझी चार नखं उतरलीत. रक्त येईपर्यंत. भीतीनं धरलं असेल.

मला ते अंक मोजल्याचं आठवत नाही. चौदा हा मशीनचा आकडा.

२१ मार्च

नऊ.

मॅडमनं नकाशा काढला. तीन ठिकाणच्या मशीनचे अंक घेतात, तेवढ्या लांबीचे तीन गोल कंपासनं काढतात. तिन्ही जिथं मिळतात तिथं भूकंप. तिन्ही वेळचे तीन ठिपके काढले. सरळ रेघेत आलेत, आणि रेघ इकडे येतेय. मॅडम म्हणाल्या, भूकंप चालत नाही. दोनदा म्हणाल्या.

चरात हाडं निघाली. जिथं जिथं थर मोडलेत त्याच्या लगेच वर, चार ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी एक मोठं माणूस आणि एक लहान. मॅडमला आधी वाटलं, आईनं कुशीत घेतलंय. मग ब्रश मारला. मोठ्याची बोटं लहानाच्या बरगड्यांच्या आत होती. मान उलटी फिरवलेली.

आ-पो काठावरून बघत होती. म्हणाली, यांनी ठेवलं नाही खाली.

सगळ्यात वरचा थर अजून मोडलेला नाही. त्यावर आमची चूल आहे.

२३ मार्च

पाच.

पाच अंकांत काय होतं म्हणाल. फू-शेंग फावडं घेऊन उभा होता, मॅडम खाली वाकून नकाशा बघत होत्या. एक, डोकं. दोन, परत डोकं. मॅडम उठल्या आणि पळायचं सोडून त्याचे डोळे काढायला गेल्या. मग मान. मग काही राहिलं नाही मारण्यासारखं, तरी मारत होता.

मी पोरीला टाकून पळाले. टाकलं मी तिला. कपाळ फुटलं तिचं. मी बांबूला मिठी मारली होती आणि हेलकावा आला तेव्हा माझ्या तोंडात बांबूची साल होती, दात हलत होते.

फू-शेंग विचारत होता, मॅडमना कुणी मारलं.

गावाकडे येणारा पूल पडलाय. फोन लागत नाही.

२४ मार्च

तीन.

फू-शेंगनं स्वतःच सांगितलं, मला पोकलेनला साखळीनं बांध. बांधलं. आ-फान पन्नास पावलांवर होती, मी त्याहून लांब. पहिला धक्का आला तसा तो साखळी तिच्याकडे ओढायला लागला. खांदा उखडला, आवाज आला मला. मनगटाचं कातडं सोलून साखळीत राहिलं. तिसऱ्या अंकाला हात सुटला, तेवढ्यात हेलकावा आला म्हणून—

रडत म्हणाला, दुसरा हात अजून घट्ट बांध. बांधला. मग म्हणाला, तू पण तिच्यापासून जा, युन-चिन. सगळ्यांपासून जा.

गावातली सगळी आपापल्या घरात एकेक कोंडून बसलीत. आ-पो पर्सिमन सुकवायच्या खोलीत, आतून खिळे मारून. तिनं ओरडून सांगितलं, पोरीला कोंड आणि लांब जा. आता पळायला वेळ नाही मिळणार, आधीच लांब राहा.

डोंगरावरून घेऊन जाईन म्हटलं. पण घेऊन जायचं तर कडेवर घ्यावं लागेल.

२५ मार्च, सकाळ

दोन.

भानावर आले तेव्हा माझे दोन्ही अंगठे तिच्या गळ्यावर होते. निळी पडली होती. श्वास आला. आला श्वास.

तोंडापाशी दूध, भात, पाणी ठेवलं. दार बाहेरून कडी घालून बंद केलं. ती दार वाजवतेय.

मी चरात उतरले. शिडी खालून ढकलून वर काठाबाहेर पाडली. फावडं, ब्रश, सगळं वर फेकलं. भिंती ओल्या आहेत, चढता येत नाही. तीनदा करून बघितलं. नाही येत.

आता ती वाचेल. माझ्यापासून तरी.

२५ मार्च, दुपार

दोनच. यावेळी भिंत खरवडली मी. नखं गेली. बरं झालं. भिंतच होती.

घराचं काहीतरी मोडल्याचा आवाज झाला.

रडणं थांबलंय.

नाही. जवळ येतंय. दार पडलं वाटतं—

आई आई करतेय. तोंडात बाही कोंबलीय. आवाज ऐकला तर येईल

काठावर डोकं दिसलं. ओरडले, मागे जा, जा. तिला वाटलं मी बोलावतेय. हसली.

उभी राहिली. चालतेय. आजवर कधी चालली नाही माझी पोर. एक पाऊल, दुसरं—

बसली. पाय चरात सोडलेत. हात पुढे केलेत, घे म्हणतेय

कुणीतरी हिला मागे ओढा कुणीतरी

माती सरकतेय तिच्याखालची

मी झेलणार नाही. मी हात मागे बांधते, मी नाही झे—

वरखाली

एक