गुलाबी बाटलीचा जाब

४ जुलै
माझ्या नातीचा श्वास त्या बालडॉक्टरनं बिघडवला. पाच वर्षांची पोर, जिना चढली की छातीत शिट्टी वाजते. आज छातीच्या डॉक्टरीणबाईंनी दमा सांगितला, पंप दिला. विचारलं, पहिल्या वर्षात अँटिबायोटिक फार झाली का? त्यानंच झालं असं नाही, पण धोका वाढतो म्हणे. पुढचं मी ऐकलं नाही. गुन्हेगार सापडला होता.
सून म्हणाली, आई, आधी नीट आठवू या. आठवायचं काय? ती कामावर जाते, पोर जन्मल्यापासून दिवसभर माझ्याकडे. मला सगळं तोंडपाठ.

५ जुलै
ठरलं. भरल्या दवाखान्यात त्याची सालटी काढायची. आरशासमोर तालीम केली. कवळी दोनदा निसटली.
दुपारी पोरीला धाप लागली. पंप मीच देणार होते, टोपण निघेना. सुनेनं दिला. टोपणाचा रागही डॉक्टरवरच काढणार.

६ जुलै
गुडघ्यानं दगा दिला. डॉक्टरला एक दिवस जास्त मिळाला. जगून घे म्हणावं.

७ जुलै
गेले. बाकं भरलेली. तोंड सोडलं. डॉक्टर बाहेर आला. म्हणाला, आजी, मी अँटिबायोटिक एकदाच दिलं, कान फुटला तेव्हा. बाकी वेळी साधी सर्दी, आपोआप जाईल म्हटलं, तर तुम्हीच म्हणालात, औषध देत नाही तर फी कसली घेतोस. मी म्हटलं, साफ खोटं.
तेवढ्यात खालचा मेडिकलवाला खोकी घेऊन वर आला. मला बघून खूश. म्हणाला, आजी, किती दिवसांनी. तीच अँटिबायोटिकची गुलाबी बाटली काढू का? तुमच्याकडं कधी चिठ्ठी मागितलीय मी?
बाकावरच्या एकीनं आपलं पोर मांडीवर ओढून घेतलं. मी काय चावते?
आता मेडिकलवाल्याला सोडत नाही. म्हातारी मागते म्हणून कुणी देतं? आणि मी तरी किती द्यायचे? शिंकली की अर्धा चमचा. थांबली शिंक की बंद. उरलेलं फ्रिजमध्ये, पुढच्या शिंकेला. इतकं जपून कोण वापरतं?

७ जुलै, संध्याकाळ
डॉक्टर म्हणालाय, हे पोरीच्या आईला कळायला हवं, आज सात वाजता घरी फोन करतो. तिला कळलं की पोर पाळणाघरात, आणि मी भिंतींशी बोलत बसायचं.
तेव्हा फोन वाजला तर सुनेनं उचलायचा नाही. मुलानंही नाही. मीच उचलणार, आणि सांगणार, घरात आजीशिवाय कुणी नाही, अन् आजीला ऐकू येत नाही.