आबांच्या कोटाचा खिसा

एनिस, आयर्लंड
१४ ऑक्टोबर २०२५

सौ. सुलक्षणास आक्काचा आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. फोन केला नाही, कारण माझा भाऊ नंदू स्पीकर लावून बसतो. हे आधी तू एकटीनं वाच. माझं अक्षर चौथीपर्यंतचं, लावून वाच. नंदूचा गुडघा कसा आहे?

इथं पाऊस, नेहमीचाच. शिरीष आणि सूनबाई कामावर जातात, घरात मी आणि नात ज्ञानदा. मी मराठीत ओरडते, ती इंग्रजीत उत्तर देते. भागतं.

परवा तिनं माझी गोधडी मशीनमध्ये टाकली. म्हटलं, "भवाने, ती हातानं धुवायची!" म्हणाली, "इट्स ग्रँड, आजी." म्हणजे इथल्या बोलीत "काही होत नाही". कसली ग्रँड! फाटून बाहेर आली. पोटातून निळं कापड निघालं, त्याला खिसा, खिशावर बिल्ला.

"हे कुणाचं?"

म्हटलं, माझ्या वडलांचं. अठ्ठेचाळीस साली लंडनला ऑलिंपिकात कुस्ती खेळले, मग सिनेमात गेले.

"हिरो होते?"

"हिरोचा मार खाणारे."

तुला ठाऊकच आहे. लंडनला आबा गुणांवर हरले, पाठ टेकली नाही. पडद्यावर मात्र दर सिनेमात टेकायचे. एकदा तर तोच ऑलिंपिकचा कोट घालून दरवान झाले आणि लाथ खाऊन चिखलात पडले. थेटर हसलं. माझी सासरची माणसं माझ्या शेजारी बसून हसली.

शिरीषच्या बाळंतपणाला माहेरी आले, तेव्हा बाळाच्या गोधडीसाठी जुने कपडे काढत होते. ट्रंकेत कोट दिसला. उसवला आणि घातला गोधडीच्या पोटात. आबांनी परत घालायला नको, कुणी हसायला नको. खिसा तेवढा कापवला नाही.

पुढं तालमीनं आबांचा सत्कार ठरवला. कोट घालून या म्हणाले. कोट कुठाय? तू नवी नवरी, नुकतेच बोहारणीला जुने कपडे देऊन पातेलं घेतलेलं. "कोट त्यातच गेला असणार," हे पहिल्यांदा कोण बोललं? मी.

आबा सत्काराला गेले नाहीत. मरेपर्यंत त्या पातेल्यातलं दूध प्यायले नाहीत. तू रडत म्हणालीस, "वन्सं, तुम्ही तरी सांगा, मी कोट बघितलासुद्धा नाही." मी म्हटलं, "जाऊ दे, माणूस चुकतं." वर तुला माफ केलं! नट आमचा बाप होता, पण मी त्याच्यापेक्षा सरस निघाले.

खिसा वाळवून सोबत पाठवते आहे. आता नंदूला हाक मार आणि हे सगळं मोठ्यानं वाच. त्यानंही तुला कमी बोल लावले नाहीत.

मला उत्तर धाड किंवा नको. पातेलं अजून असेल तर त्यात दूध तापव आणि आबांच्या फोटोपुढं वाटीभर ठेव. आता पितील.

पाठ टेकलेली,
द्वारका