सलग तीन शून्यं

३ नोव्हेंबर, सोमवार

पोहोचलो एकदाचा. खोली बघून कोणीही खूश झालं असतं, मीही झालोय असं धरून चालू. पूर्वेला मोठी खिडकी, खिडकीत अख्खी धावपट्टी, नळाला गरम पाणी आणि आधीचा भाडेकरू विसरून गेलेली एक धडधाकट किटली. वैमानिक घडवणाऱ्या शाळेला इतकी साधी इमारत मी आजवर पाहिली नव्हती. सात विमानं, एक सिम्युलेटर, एक चहाचं यंत्र. यंत्र सोडून सगळं चालतं.

शाळेचे प्रमुख म्हणजे मोठे साहेब. गडगडाटी हसतात, पाठीवर थाप मारतात, समोरच्याच्या हातातला कप सांडतो. विमानांची देखभाल करणारा मिस्त्री मात्र बोलतच नाही, फडक्याने हात पुसत नुसता बघतो. दोघं मिळून एक बेताचा माणूस झाला असता.

ही वही ताईने दिली. निघताना म्हणाली, वर्षभर तू नुसता ‘हं, हं’ करतोस, लाकडाशी बोलल्यासारखं वाटतं, निदान वहीशी तरी बोल. ताईचा शब्द मोडायची सोय नाही. लिहितोय.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज मास्तरीणबाईबरोबर पहिलं उड्डाण. हे नाव मुलांनी ठेवलेलं. सहा वर्षं शाळेत गणित शिकवून, नोकरी सोडून इथे आली. आल्या आल्या फळ्यावरच्या ‘सुचना’ला दीर्घ उकार लावला म्हणे, तेव्हापासून सगळे तिच्यापुढे जपून लिहितात.

तिला ढगांच्या परीक्षेसाठी तयार करायचं आहे. म्हणजे बाहेर काही दिसत नसताना नुसत्या काट्यांवर नजर ठेवून विमान चालवायचं. सरावाला विद्यार्थ्याच्या कपाळावर झापड लावतात, घोड्याला लावतात तशीच, म्हणजे समोरच्या तबकड्यांपलीकडे काही दिसत नाही. मग खरी गंमत सुरू होते. विमान कलत असतं आणि शरीर शपथेवर सांगतं की सगळं सरळ आहे. अशा वेळी शरीराचं ऐकायचं नाही, काट्याचं ऐकायचं. एवढंच शिकवायचं असतं, आणि तेच कोणाला पटत नाही.

विद्यार्थी तयार झाला की नाही हे ठरवायचं माझं माप सोपं आहे. तो डावीकडे, मी उजवीकडे. दोघांपुढे एकेक हँडल, आतून जोडलेलं, एक वळलं की दुसरं वळतं. मी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून बसतो. विमान बिघडायला लागलं की माझा हात आपसूक हँडलकडे जातो. किती वेळा गेला ते खाली उतरल्यावर लिहून ठेवतो. सलग तीन उड्डाणांत शून्य आलं की अर्जावर सही. अठरा वर्षं हेच करतोय. जुन्या शाळेतली मुलं म्हणायची, भोपळा मिळाल्यावर पास करणारे जगात हेच एक सर.

आजचा आकडा नऊ. वाईट नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

चार. मुलगी कष्टाळू आहे. चूक झाली की स्वतःलाच ‘पुन्हा लिही’ म्हणते.

आज कळलं की आधीच्या दोन शिक्षकांनी तिला ‘अजून तयार नाही’ म्हणून थांबवलं होतं. तिच्या लेखी परीक्षांची मुदत तीस तारखेला संपते. त्याआधी ही परीक्षा झाली नाही तर सगळे पेपर पुन्हा, म्हणजे आणखी दोन वर्षं. आई म्हणते परत ये, शाळेत जागा रिकामी आहे. हे सगळं तिने हसत सांगितलं. मी ‘हं’ म्हणालो. ताई असती तर चिमटा काढला असता.

धाकट्याबद्दल लिहायचं टाळत होतो, पण ताई वही तपासणार. जुन्या शाळेतला माझा विद्यार्थी, वर्गात सगळ्यात लहान म्हणून धाकटा. सलग तीन शून्यं, माझी सही, पहिल्या फटक्यात पास. तीन महिन्यांनी पार्सलांचं विमान घेऊन एकटा ढगात शिरला आणि आला नाही. चौकशीत निघालं की विमानात काही दोष नव्हता. काटे बरोबर होते. विमान हळूहळू डावीकडे कलत गेलं, चाळीस सेकंद, आणि त्याने हँडल हलवलंच नाही. कोणीतरी सावरेल म्हणून वाट बघत बसावं, तसा.

अहवाल वाचून मला काही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. जेवतो, झोपतो, दाढी करतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शून्य!

सत्तर मिनिटं हात गुडघ्यांवर. दोन तबकड्यांवर मी रबरी चकत्या चिकटवून त्या बंद पडल्यासारखं केलं, तरी ती डगमगली नाही. दोनशे फुटांवर झापड काढली तेव्हा धावपट्टी नाकासमोर. एकाएकी इतकी प्रगती कशी, असं मनात आलं. पण काही मुलांचं असंच असतं, कुलूप उघडल्यासारखं. धाकट्याचंही असंच झालं होतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सोमवारी शून्य, आज शून्य. तिन्ही झाली. सही केली. परीक्षक पंचवीस तारखेला येणार.

तिने आईला फोन लावला आणि मलाच बोलायला दिला. आई म्हणाल्या, तुम्ही आहात म्हणून निर्धास्त आहे. मी बरं म्हणालो.

काल तिला सिम्युलेटरवर बसवून दाढ काढायला गेलो होतो, तो गाल अजून सुजलेला आहे. दुखत मात्र नाही. डॉक्टरही चक्रावले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मिस्त्री चक्क बोलला. प्रत्येक उड्डाणानंतर तो दोन्ही हँडलं पुसतो. म्हणाला, सर, तुम्ही हात मांडीवर ठेवता म्हणे. मग उजव्या हँडलला घाम कोणाचा असतो?

मी म्हणालो, तुझ्या फडक्याचा असेल. तो हसला नाही. म्हणाला, तिच्या हँडलपेक्षा जास्त असतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

हातच्या काकणाला आरसा कशाला? सकाळी वर्गातला निळा खडू कुटून मी माझ्या हँडलला चोळला. काळी पँट घातली. तिला काही सांगितलं नाही. सत्तर मिनिटं सराव. तळव्याखाली गुडघा मला पूर्ण वेळ जाणवत होता, वाटीचं हाड, कापडाची शिवण, सगळं. शून्य.

उतरलो. उजवा तळवा निळा. पाचही बोटं, अगदी सांध्यांपर्यंत.

पँटच्या गुडघ्यावर एक ठिपका नाही. म्हणजे हात अधूनमधून गेला असंही नाही. तो गुडघ्यावर नव्हताच.

खूप वेळ नळाखाली हात धरला. पाणी गरम की गार, कळलं नाही. मला भीती वाटली. वर्षभरात पहिल्यांदा काही वाटलं, तर ते हे.

अठरा वर्षं. किती सह्या केल्या मी?

२२ नोव्हेंबर, शनिवार

तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, रडेल. ती म्हणाली, तुमचा हात असतो हे मला पहिल्यापासून माहीत आहे. हलका हात, विमान कलायच्या आधीच सावरणारा. तिला वाटलं, ही माझी शिकवायची पद्धत. त्या हाताच्या भरवशावर तर तिची भीती गेली.

मग म्हणाली, सिम्युलेटरवरही असतो.

मी म्हणालो, मंगळवारी मी तिथे नव्हतो. ती म्हणाली, हो, दाढ काढायला गेला होतात. तेव्हाही होता.

२३ नोव्हेंबर, रविवार

ती दहा ते अकरा सिम्युलेटरवर. मी इथे खोलीत, दार लावून. उजवा हात टेबलावर उताणा ठेवला आणि नुसता बघत बसलो.

१०.०९ ला हात पालथा झाला. मूठ वळली. मी काही केलं नव्हतं.
१०.१४ ला मनगट डावीकडे.
१०.२२ ला कोपर मागे ओढलं गेलं.
१०.३३ पासून पाच मिनिटं हात थांबलाच नाही. बारीक बारीक, इकडे तिकडे.

दुपारी सिम्युलेटरचा छापील कागद आणला. तिचं हँडल कधी कुठे वळलं ते मिनिटाला मिनिट जुळलं. १०.३३ ते १०.३८ मध्ये काय केलंस, विचारलं. ती लाजली. गंमत म्हणून डोळे मिटले होते म्हणाली.

कागदावरची रेघ तिथे सगळ्यात सरळ आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मोठ्या साहेबांकडे गेलो. सही मागे घेतो म्हणालो. कारण सांगताना माझं मलाच ऐकवेना. ते यावेळी हसले नाहीत. म्हणाले, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण त्यापायी एका पोरीची दोन वर्षं घालवायची का? अर्ज गेलाय. परीक्षक गावात उतरलेत.

तिला म्हणालो, तूच नाही म्हण. ती म्हणाली, सर, उद्या शेजारी तुम्ही नाही, परीक्षक असतील. तयार नसेन तर ते नापास करतील, एवढंच ना? बोलणं बिनतोड होतं. गणिताची बाई.

पण हात तिकडे पोहोचला तर ती पास होईल. मग एक दिवस पाठीमागे दीडशे माणसं असतील, आणि मी झोपलेलो असेन, आजारी असेन, मेलेलो असेन. धाकट्याच्या त्या चाळीस सेकंदांत मी कुठे होतो ते आज आठवलं. ताईच्या गावी दवाखान्यात भूल घेऊन पडलो होतो, हर्नियाचं ऑपरेशन.

हात रोखायचा तर उद्याच. उद्या सावरायला शेजारी परीक्षक आहेत.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

डाव्या हाताने लिहितोय. कोंबडीचे पाय. उजवा हात मिस्त्रीकडून खुर्चीच्या दांडीला बांधून घेतला, मूठ दांडीवर, मफलर आणि वर सुतळी. त्याने कारण विचारलं नाही. तो गेला. मी वर्गात एकटा, रेडिओ सुरू. वेळा टिपतो, म्हणजे साहेबांना पुरावा दाखवता येईल.

९.४० — गेले. ढग चारशे फुटांवर. खरे. आज झापडेची गरज नाही.

९.५३ — हात डावीकडे वळायला बघतोय. गाठ पक्की आहे.

१०.०४ — जोर वाढला. सुतळी मनगटात रुतली. दुखत नाही.

१०.०९ — रेडिओवर तिचा आवाज. खुशीत. उंची तीनशे फूट चुकली, मनोऱ्यातून सांगावं लागलं. चुकली! म्हणजे हात पोहोचत नाही. नापास होईल. होऊ दे, पोरी. नापास हो.

१०.१४ — हात शांत. दांडी घट्ट धरून बसलाय. पांढरा पडलाय.

१०.१५ — तिने बोलायचं बटण दाबूनच धरलंय. आतलं सगळं ऐकू येतंय. परीक्षक ओरडले, विमान कलतंय, दिसत नाही का. ती शांत. म्हणाली, काळजी करू नका, आमचे सर सरळ करतील —

परीक्षकांनी घेतलं. घेतलं हँडल. बरं झालं. सुटलो.

नाही —

वळत नाही म्हणतायत. हँडल वळत नाही. घट्ट. कोणीतरी धरून ठेवल्यासारखं —

मी. मी धरलंय. बांधून —

गाठ दाताने सुटली. मफलर सुटला. मूठ सुटत नाही. दांडीवर तशीच. बोटं माझी नाहीतच — काही कळत नाही — सोड — ती आता हाक मारतेय, सर म्हणून —

लिहितोय काय मी. डाव्या हाताने उघडायला हवी, पेन टा