मार्चमधले अकरा दिवस

मी, बद्रीनाथ सोपान वाघचौरे, वय ७२, धंदा मोटार रिवाइंडिंग, राहणार धायरी, पुणे, शुद्धीवर असताना व कोणाच्याही दडपणाशिवाय ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. कान अजून तिखट आहेत, तेव्हा कुजबुजणाऱ्यांनी जपून.

१. राहते घर मुलगी जया हिला. बँकेतल्या ठेवीच्या व्याजातून तिने दर महिन्याला ओढ्याचे पाणी तपासून घ्यावे आणि अहवाल जसाच्या तसा आमच्या भिंतीवर लावावा. चांगला आला तरी लावावा. तशी वेळ येवो.

२. कारण सांगतो. ओढ्यावर मैलापाणी शुद्ध करायचे केंद्र आहे. त्याच्या खालच्या अंगाला आमच्या शेजारणीची, शर्मिलाताईंची बोअर. त्यांच्या घरातल्या लहानग्या ओवीला वर्षात दोनदा कावीळ झाली. मी माहिती अधिकारात अर्ज टाकला आणि केंद्राची मुद्दाम मार्चचीच नोंदवही मागितली. दोन महिने आणि एक अपील झाल्यावर उत्तर आले : 'पंप महिनाभर अखंड चालू होता.' केंद्रात पंप एकच. त्या मार्चमध्ये अकरा दिवस तो माझ्या टेबलावर, तारा काढून, उघडा पडला होता.

नोंदवहीवर रोजची सही केंद्राच्या सुपरवायझरची. म्हणजे माझा मुलगा संजय याची. टेम्पोत घालून पंप माझ्याकडे आणला तोही त्यानेच.

"अण्णा, वही सगळीकडे अशीच भरतात."

"आणि अकरा दिवस घाण कुठे गेली रे?"

"तुम्हाला काय करायचंय? तुमचं बिल मिळालं ना?"

मिळाले. चोख मिळाले.

३. दुकान, वाइंडिंग मशीन व सर्व हत्यारे संजयला. अट एकच : ओढ्याकाठच्या रहिवाशांसमोर उभे राहून त्या अकरा दिवसांचे मैलापाणी कुठे सोडले हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावे. नाही सांगितले, तर सगळे विकून रक्कम पाणीतपासणीला द्यावी. सहा वर्षांचा असताना हा पोरगा कुठल्याही इमारतीबाहेर, रस्त्यावरून नुसते कान लावून सांगायचा, 'अण्णा, आतला पंप बंद आहे.' तो बहिरा असता तर मी माफ केले असते.

४. माझ्या अस्थी नदीत सोडू नयेत. तिच्यात पुरेसे सोडून झाले आहे.

५. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. ओवी पाणी आज पिते आहे. म्हणून याची एक प्रत आजच दुकानाच्या शटरवर चिकटवतो आहे. संजयने ती तिथेच, चार लोकांत उभे राहून वाचावी.

सही : बद्रीनाथ सोपान वाघचौरे
साक्षीदार : १. रावसाहेब दगडू चौधरी २. शर्मिला अनंत ओव्हाळ
धायरी, पुणे. ९ जून २०२५