उजव्या बाजूचा पाटा

...आणि तात्याराव, तुम्ही परवा उमरग्याच्या कोर्टाच्या पायरीवर जे म्हणालात तेच धरून चालतो, की मृत्युपत्रात ज्याला द्यायचं त्याचं पूर्ण नाव, बापाचं नाव आणि गाव लागतं, नुसतं बोट दाखवून भागत नाही. माझं तिथंच अडलंय. पण ते नंतर. आधी जे अडत नाही ते लिहून काढतो. हा कच्चा कागद आहे, पक्का तुम्ही करा. मी सोलापुरात इंग्रजी शाळेत शिकलो, माझं मराठी म्हणजे घरात आणि गुलाबच्या दुकानात बोलतो तेवढंच. कोर्टाला शोभतील असे शब्द तुम्ही घाला, फक्त अर्थ हलवू नका.

मी, वीरभद्र हणमंतप्पा कलशेट्टी, वय चोवीस, राहणार मुरुम, तालुका उमरगा, जिल्हा उस्मानाबाद, धंदा वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, आडतीवर बसणं आणि गाडी चालवणं, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. अप्पांचं मत वेगळं आहे, पण ते डॉक्टर नाहीत. मला ताप नाही, मी प्यालेलो नाही, कुणी मानगुटीवर बसून हे लिहून घेत नाही. येत्या अकरा तारखेला मद्रासजवळ एका जुन्या विमानपट्टीवर सरळ पाव मैलाची मोटारींची शर्यत आहे आणि मी माझी गाडी घेऊन तिथं चाललोय. अप्पा म्हणाले, "जायचं तर जा. पण आधी कागद कर. उद्या तुझं काय झालं तर ह्या लोखंडापायी भावकीत डोकी फुटायला नकोत." अव्वा, म्हणजे माझी आई, चुलीपाशी रडली. मग मी पेन घेतलं.

कलम पहिलं. आडतीतला माझा वाटा अप्पांकडंच राहू द्यावा. तिथं माझं नाव होतं, मन कधी नव्हतं.

कलम दुसरं. माझे पाने, दोन्ही जॅक, पुलर आणि लाल पेटीतलं सगळं मुरुमच्या मोडावरच्या गुलाब इमाम आतारला द्यावं. गुलाब ट्रकचे कमानपाटे, म्हणजे चाकांवरचा भार झेलणाऱ्या कमानीच्या पोलादी पट्ट्या, करतो. भट्टीत लाल करून, घणानं वाक देऊन, तेलात बुडवून. गाडीचं सगळं काम आम्ही दोघांनी केलं. मासिकात वाचून मी सांगायचो, तो करायचा, बिघडलं की दोघं एकमेकांवर ढकलायचो. त्यानं पेटीवर माझं नाव खोडून आपलं घालावं. खोडलं नाही तरी चालेल.

कलम तिसरं. सोलापूरच्या रद्दीतून आणलेली अमेरिकन मोटारींची मासिकं मुरुमच्या हायस्कूलला द्यावीत. त्यांतली काही पानं फाटलेली आहेत. ती अप्पांनी फाडली, गाडीला टेकून बायका उभ्या होत्या म्हणून. अप्पा, रागानं लिहीत नाही, पण एका बाईच्या पाठीमागच्या पानावर शॉकॲब्सॉर्बरवरचा लेख अर्धा राहिला होता. मागचे शॉक कडक करायचे आणि पुढचे ढिले सोडायचे, म्हणजे गाडी सुटताना नाक उचलते आणि वजन मागच्या चाकांवर येतं, इथपर्यंत मला कळलं. किती ढिले, ते तुम्ही बंबात घातलंत. ते आम्ही शेवटी अंदाजानं केलं.

कलम चौथं. हे अव्वासाठी आहे, तिला हळू वाचून दाखवावं. आपल्या दाराबाहेरच्या कोनाड्यात एक जर्मनचा पेला पालथा ठेवलेला असतो. तो तू गेल्या दिवाळीआधी ठेवलास, आरोग्य केंद्राच्या नर्सबाई पहिल्यांदा दारात आल्या तेव्हा. त्यांनी पाणी प्यायलं, पेला स्वतः विसळला आणि तू सांगायच्या आत परत पालथा ठेवला. अव्वा, माझ्या तोंडात अखेरचं पाणी घालायची वेळ आली तर त्याच पेल्यानं घाल. नंतर तो आत मांडणीवर आपल्या पेल्यांच्या रांगेत ठेव. एवढं केलंस तर माझी बाकी काही मागणी नाही.

कलम पाचवं. गाडी.

माझ्या नावावर एक डॉज डार्ट आहे. हिरवी, स्टिअरिंग डावीकडं. नंबर आर.सी. बुकात बघून घालावा. मुंबईला कुण्या वकिलातीतल्या साहेबानं आणलेली, सरकारी लिलावात अप्पांनी घेतली, कारण सोसायटीच्या चेअरमनकीला उभं राहायचं तर दारात काहीतरी दिसायला पाहिजे. पण एवढी लांब गाडी बाजारपेठेत वळेना, म्हणून ती माझ्या वाट्याला आली.

मग गेल्या साली पाऊस आलाच नाही. विहिरींत बादली आपटायची. खडी फोडायची कामं निघाली, पार माकणीच्या बाजूपर्यंत, आणि तिथल्या बायका, तान्ही पोरं बघायला नर्सबाईंनी जायचं तर केंद्राची जीप दुरुस्तीला जिल्ह्याला जाऊन बसलेली. अप्पा भर सभेत उठून म्हणाले, माझी गाडी आणि माझा पोरगा नर्सबाईंसाठी हजर आहे. टाळ्या पडल्या. अप्पा चेअरमन झाले. पेला कोनाड्यातच राहिला.

तेव्हापासून संक्रांतीपर्यंत मी रोज सकाळी नर्सबाईंना अणदूरला भीमनगरच्या कोपऱ्यावरून घ्यायचो आणि संध्याकाळी तिथंच सोडायचो. गल्लीत गाडी आणू नका, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. गाडी मावत नव्हती म्हणून नव्हे. डिकीत दुष्काळी वाटपाच्या सुकडीची पोती, मागच्या सीटवर डावीकडं औषधांची पेटी, उजवीकडं त्या. परतताना येणेगूर मागं पडलं की त्यांचा डोळा लागायचा. दिवसभर धुळीत उभं राहून माणूस दमणारच. त्या झोपल्या की मी खड्डे चुकवायचो, चुकत नसला तर एक चाक आधी उतरवायचो, मग दुसरं, म्हणजे डोकं काचेवर आपटत नाही. लोकांना मी सांगतो की गाडीच्या कमानी कशा चालतात ते मला मासिकांनी शिकवलं. खरं म्हणजे ते मी आरशात बघून शिकलो.

एकदा सकाळी त्यांनीच विषय काढला.

"गुलाबभाई म्हणत होते तुमी शर्यतीला जाणार. एवढं जोरात जाऊन थांबायचं कुठं?"

"पाव मैलावर."

"आन् मग?"

"मग वळवून परत."

"मग गेलाच कशाला?"

मी आरसा नीट केला.  त्यांनी औषधांची पेटी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाल्या, "दाखवा बरं."

येणेगूरच्या अलीकडं रस्ता पट्टीनं आखल्यासारखा सरळ आहे आणि फर्लांगाचे जुने दगड अजून उभे आहेत. दोन फर्लांग म्हणजे पाव मैल. पुढंमागं कुणी नव्हतं. मी गाडी सोडली. तात्याराव, तुम्ही मोटार चालवत नाही, तरी सांगतो. एरवी एवढ्या ताकदीच्या गाडीला एकदम पाय दिला की मागचं चाक जागेवर गरगरतं, पाटे पिळवटतात, आख्खा ॲक्सल उड्या मारतो. त्या दिवशी यातलं काहीच झालं नाही. गाडीनं जमीन धरली आणि निघाली. दुसऱ्या दगडापाशी मी पाय काढला. त्या म्हणाल्या, "बाटल्या फुटल्या न्हाईत." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "अजून एकदा?"

मी म्हणालो, उशीर झालाय. उशीर झालेला नव्हता. मला भीती वाटली, गाडीची नाही.

पुढं कितीतरी सकाळी मी रिकामी गाडी घेऊन त्या दोन दगडांमध्ये गेलो. तसं परत झालं नाही. दर वेळी उजवं मागचं चाक गरगरायचं. शेवटी मासिकात कारण सापडलं. इंजिन जोर लावतं तेव्हा त्याच्या पिळानं मागचं उजवं चाक जमिनीवरून हलकं होतं, म्हणून उजव्या कमानीला जास्तीचा आखूड पाटा घालायचा आणि पुढच्या अर्ध्या भागात सगळे पाटे क्लिपांनी घट्ट बांधायचे. त्या दिवशी उजव्या चाकावर नर्सबाई आणि पेटी होती. बस, एवढंच होतं.

गुलाबला सांगितलं तर तो घण खाली ठेवून हसला. "वीरूशेठ, लोक माल वाढला म्हणून पाटा घालतेत. गाडीत कुणी न्हाय म्हणून पाटा घालणारं पयलं गिऱ्हाईक तुमी." पाटा गरम असताना त्यानं विचारलं, आतल्या बाजूनं छिन्नीनं नाव पाडू का, कुणाला दिसणार न्हाय, ट्रकवाले पाडून घेतेत. नर्सबाई तेव्हा दुकानाच्या सावलीत पेटी उघडून बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "गाडीला डेंट पडला तर तुमी ठोकून काढताल, गुलाबभाई. नावाला पडला तर कोण काढणार?" गुलाबनं छिन्नी बाजूला ठेवली. पाटा नावाशिवाय चढला.

आणि गाडी सुटली, तात्याराव. रिकामी सुटली, भरल्यासारखी. मी एकटाच ओरडलो.

पण त्याच गाडीत रोजचं जाणंयेणं होतं. कडक पाटा बरोबर त्यांच्या सीटखाली. पहिल्याच संध्याकाळी येणेगूरनंतर त्यांचं डोकं काचेवर आपटलं. दुसऱ्या दिवशीही. मग त्या जाग्याच बसायला लागल्या. एक दिवस, तक्रार नव्हती, आज ऊन आहे म्हणावं तसं म्हणाल्या, "तुमच्या गाडीत आता झोप लागत न्हाय."

मी म्हणालो, रविवारी जुने पाटे परत चढवतो. तो रविवार म्हणजे संक्रांतच, आणि त्याच्या आधीच जीप दुरुस्त होऊन आली. जीपमध्ये त्यांना झोप लागते का मला माहीत नाही. जीपची कमान मला माहीत आहे, म्हणजे लागत नसणार.

आता देण्याचं. ही गाडी मला ज्यांना द्यायची आहे त्यांचं नाव मी वर कुठं लिहिलेलं नाही आणि इथंही लिहीत नाही. हा कागद उद्या आमच्या ओसरीवर भावकीसमोर वाचला जाईल. हणमंतप्पाच्या पोरानं भीमनगरच्या पोरीला गाडी का दिली, हे मला कुणी विचारणार नाही, मी नसेन. ते त्यांना विचारतील. केंद्रात विचारतील, एस.टी.त विचारतील, लग्न ठरायच्या वेळी विचारतील. म्हणून असं लिहितो: गाडी मुरुमच्या आरोग्य केंद्राला द्यावी, तिथं ज्या कोणी नर्सबाई नेमणुकीवर असतील त्यांच्या जाण्यायेण्यासाठी.

अट अशी, की ताबा देण्याआधी गुलाबनं उजवीकडचा आखूड पाटा काढावा, क्लिपा सोडाव्यात आणि जुने मऊ पाटे परत चढवावेत. ते माझ्या खाटेखाली ग्रीस लावून गोणपाटात गुंडाळून ठेवलेत. पुढचे मागचे शॉकही पहिल्यासारखे करावेत. मागची उजवी सीट माणसासाठी ठेवावी, तिथं पेटी ठेवू नये. येणेगूरनंतर, संध्याकाळच्या वेळी, जो कोणी चालवत असेल त्यानं हळू चालवावी.

नर्सबाईंची बदली झाली तर गाडी इथंच राहील आणि दुसऱ्या कुणाचा डोळा लागेल. ते मला मंजूर आहे असं इथं लिहावं लागतं, म्हणून लिहितो.

कलम सहावं. शर्यतीत माझा नंबर आला आणि नंतर काही झालं, तर मिळेल ते अव्वाला. नंबर आला नाही तर मद्रासला मला हसणाऱ्या कुणाहीबद्दल माझ्या मनात काही नाही. अप्पांनी गाडीला एकदा तरी लोखंड न म्हणता गाडी म्हणावं, एवढी इच्छा.

ह्या सगळ्याची अंमलबजावणी तात्याराव वकील, उमरगा, यांनी करावी. गुलाबला हत्यारं मिळणार म्हणून त्याची साक्ष नको असं तुम्ही म्हणालात, म्हणून दुसरे दोघं घेतले.

साक्षीदार:
१. हिंमतराव गोविंदराव जाधव, पेट्रोलपंपावरचे. ह्यांनी सगळं वाचलं आणि पाचव्या कलमानंतर चहा मागवला.
२. शिवप्पा मल्लप्पा बिराजदार, आडतीवरचे मुनीम. ह्यांना फक्त सही कुठं करायची ते दाखवलं.

लिहून ठेवणार: वीरभद्र हणमंतप्पा कलशेट्टी
मुक्काम मुरुम, ५ फेब्रुवारी १९७३

सहीखाली लिहू नये हे माहीत आहे, पण हा कच्चाच कागद आहे. तात्याराव, पाव मैलात मरायला वेळ कितीसा असतो, बहुतेक मी परत येईन. येताना अणदूर वाटेत लागत नाही, पण वळसा घालता येतो. परत आलो तर हा कागद फाडून टाकावा, का आधी खाटेखालचे पाटे चढवून, भीमनगरच्या कोपऱ्यावर, गल्लीत गाडी न नेता उभं राहावं आणि पाचवं कलम जिवंतपणी तिलाच वाचून दाखवावं, तुम्हाला काय वाटतं?