आमची पूजा मॅनेजमेंट झाली

सोमवार, ता. ८
सकाळीच काळेवाडीहून नातीचा, पूजाचा फोन. ‘आजी, बढती मिळाली. मी आता मॅनेजमेंटमध्ये!’ कणकेच्या हातानंच नाचले. चौथीत शाळा सुटलेल्या बाईची नात, बघा! गल्लीभर पेढे वाटले. ह्यांनी मात्र हात मागं घेतला. जन्म युनियनमध्ये गेला ह्यांचा. आमच्या घरात मॅनेजमेंट म्हणजे शिवीच. दूध नासलं तरी मॅनेजमेंटनं नासवलं.

मंगळवार, ९
चुकलंच माझं. शेजारच्या सुमनलाही पेढा दिला. तिचा पोरगा गणेश पूजाच्याच कंपनीत, पण ठेकेदाराकडून. म्हणाली, ‘काकू, कँटीनमधी आमच्या पोरांची रांग न्यारी, भाजी न्यारी. तुमची नात आता साहेबांच्या पंगतीला ना?’ पेढा खाल्लान, ते सोडा. हे आतून, ‘बघ, भिंतीपल्याड गेली पोरगी.’ गेली तर गेली. भिंतीला दार असंल की. बोलणार मी तिच्याशी.

रविवार, १४
पूजा आली. ह्यांनी खुर्ची पुढं केली, ‘बसा साहेब.’ पोरीचं तोंड एवढंसं. मी मध्ये पडले. विचारलं, वेगळी रांग कुणी केली गं?
‘मॅनेजमेंटनं.’
‘म्हणजे तूच की.’
‘मी नाही गं, वरचे.’
‘अन् वरचे काय म्हणतात?’
‘तेही म्हणतात, मॅनेजमेंटनं ठरवलंय.’
हे खो खो हसले. किती दिवसांनी! म्हणाले, ‘आमी गेटवर घसा फोडायचो पोरी. मॅनेजमेंट म्हणून कुणी भाईर आलंच न्हाई कधी.’
भरीत केलं होतं, पूजाच्या आवडीचं. नीट जेवली नाही. निघताना चप्पल घालत म्हणाली, ‘उद्या मीटिंगमध्ये सगळ्यांसाठी एकाच रांगेचं काढते. पण आबा, मी नवी आहे. अंगाशी येईल.’
‘येऊ दे.’ हे मी म्हटलं. ह्यांच्या आधी.

सोमवार, १५
दुपार. मीटिंग चालू असंल. हे पेपर घेऊन बसलेत, पान काही उलटत नाही. सुमन साखर मागायला आली, वाटीच विसरली. आता इथंच बसलीय. फोन मध्ये ठेवलाय. हे म्हणतात, वाजला की मी उचलणार. म्हटलं, ह्या घराची मॅनेजमेंट मी. अन् मी ठरवलं, असं तोंडानं सांगते. मीच उचलणार.
अजून वाजला नाही.