रेवा कॅनमध्ये आहे

१० जानेवारी २००६, मंगळवार

आजपासून रोजनिशी. मी बोलायचं, वरच्या मजल्यावरच्या प्रतिमानं लिहायचं. मला अक्षर येत नाही आणि तिला दुपारी झोप येत नाही. तिसऱ्या कुणी वाचायची नाही. सूनबाई सोनलनं विचारलं, आई, एवढं काय गुपित आहे तुमच्याकडे? म्हटलं, अजून नाही, होईल.

माझ्या लेकानं, राजननं, आज एक कॅन आणला. दिसायला दुधाचा, आत नायट्रोजन. बर्फापेक्षा कितीतरी पट गार म्हणे. त्यात रेवाच्या मानेच्या कातडीचे चार तुकडे. रेवा म्हणजे राजनची घोडी. फौजेत जनावरांचा डॉक्टर असताना तिच्यावर बसून पोलो खेळला, रिटायर झाला तेव्हा तिलाही घेऊन आला. आता ती सत्तावीस वर्षांची, शहराबाहेर मित्राच्या तबेल्यात असते. या तुकड्यांतून पुढे हुबेहूब रेवा जन्माला येईल, परदेशात झालंय, असं राजन म्हणाला. मी विचारलं, माझाही एक तुकडा ठेवतोस का? सोनल म्हणाली, एक पुरे.

फेब्रुवारीत प्रयोगशाळेची माणसं नेणार. तोवर कॅन कोठीघरात. नियम एकच, झाकण उघडायचं नाही. पहाऱ्याची ड्यूटी माझी. असा चौकीदार अख्ख्या जयपुरात मिळणार नाही.

१९ जानेवारी, संध्याकाळी

सोनलचं हळदीकुंकू. राजा पार्कपासून सोडाल्यापर्यंतच्या मराठी बायका लोटल्या. बँकवाल्या, विमावाल्या, फौजवाल्या. मला कुंकू लावायचं नाही, म्हणून माझ्या हातावर तिळगूळ टेकवून सगळ्या पुढे. कोपऱ्यात बसून माणसानं हसायचं तरी किती? एका घोळक्याला म्हटलं, चला गं, घोडी दाखवते.

झाकण उघडलं. काय तो धूर! लोकरीचे हातमोजे घालून थोडं परातीत ओतलं, तर जमिनीवर ढग. कर्नलसाहेबांच्या विजयमालाबाई म्हणाल्या, आजी, स्वर्गात आल्यासारखं वाटतंय. म्हटलं, सवय करून घ्या. मग पाच घोळके आले, पाच वेळा ओतलं. बाहेर हॉलमध्ये सोनल कुंकवाची कोयरी घेऊन एकटी. शेवटी प्रतिमा म्हणाली, आजी, बास. लगेच थांबले. मनावर ताबा आहे माझा.

(परात प्रतिमानं धरली होती हे लिहायचं नाही असं प्रतिमा म्हणते. नको लिहूस.)

२० जानेवारी

कॅन उचलून पाहिला. हलका लागला. मेथीचे लाडू मानवले मला, हातात जोर आलाय.

२२ जानेवारी, रविवार

चहा पिता पिता राजन सहज बोलला. नायट्रोजन संपला की तुकडे मेलेच समजायचे. रेवा जिवंत आहे तोवर पुन्हा घेता येतील, नंतर काही नाही.

मतलब, अजून वेळ आहे. उद्या सकाळी सांगते. नक्की.

२३ जानेवारी

त्याला ॲसिडिटी झाली होती.

२४ जानेवारी

सोनल समोरून हलेचना. फ्रीजमधला बर्फ कॅनमध्ये टाकू का, असं प्रतिमाला विचारलं. ती म्हणाली, आजी, त्या थंडीपुढे आपला बर्फ म्हणजे शेकोटी. शिकलेल्या बायका उपायाच्या वेळी कामाला येत नाहीत.

२६ जानेवारी

झेंड्याच्या दिवशी फौजी माणसाला वाईट बातमी द्यायची? काही रीतभात आहे की नाही?

२७ जानेवारी

राजनबरोबर तबेल्यात गेले. रेवाचे दात गेलेत, भिजवलेला कोंडा खाते. राजन तिच्या कपाळाला कपाळ लावून उभा राहिला. लग्नात सोनलकडेसुद्धा त्यानं असं पाहिलं नव्हतं. तो पाणी आणायला गेला तेव्हा रेवाच्या कानात सगळं सांगून टाकलं. धूर, परात, पाच घोळके. तिनं माझा पदर चघळला. हलकं वाटलं. दोघांना सांगायचं होतं, एकीला सांगून झालं. म्हणजे निम्मं काम झालं.

राजनला रविवारी. निवांत असतो.

२९ जानेवारी, रविवार

रेवा पहाटे गेली.

राजननं उभं राहून खड्डा खणून घेतला, मीठ घातलं, माती लोटली. दुपारी घरी आला, अंघोळ केली, चक्क जेवायला बसला. सोनलला वाटलं होतं, दोन दिवस अन्नाला शिवणार नाही. मला म्हणाला, आई, तू रडू नकोस, रेवा कॅनमध्ये आहे.

पण आज कसं सांगणार? दुःखात आहे बिचारा.

३१ जानेवारी

राजननं नायट्रोजन भरायला झाकण काढलं. मापायची लाकडी पट्टी आत घातली, कोरडी बाहेर आली. पुन्हा घातली. बाहेर येऊन म्हणाला, माझीच चूक. कॅन जुना होता, मी रोज पट्टी घालून बघायला हवं होतं. सोनल त्याला बोलली. सगळ्या जगाची जनावरं सांभाळलीत, एक डबा सांभाळता आला नाही? तो खाली मान घालून ऐकत होता.

मग मी तोंड उघडलं. देवाशपथ, सांगायलाच उघडलं. त्यातून निघालं, जाऊ दे गं सोनल, माणूस आहे, चुकतो.

राजननं वाकून माझ्या पायांना हात लावला. म्हणाला, आई, या घरात मला तूच समजून घेतेस.

प्रतिमाचं पेन थांबलंय. माझ्याकडे बघत बसलीय. लिही बाई. आशीर्वाद दिला, एवढंच लिही.